इकॉनॉमी पीटीओ घ्यावा का? आधी वही, मग लिव्हर

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला इंजिनची ताकद पोचवणारा फिरता शाफ्ट. इकॉनॉमी पीटीओत इंजिनची रेस कमी ठेवूनही हा शाफ्ट तेवढ्याच वेगाने फिरतो. मग त्याने डिझेल वाचतं का? वाचतं. पण एवढंच उत्तर ऐकून लोक निर्णय घेतात आणि तिथेच फसतात. कुणी जड रोटाव्हेटरसाठी तो घेतो आणि पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर काळा धूर सोडत दबायला लागतो. कुणी घेऊन ठेवतो आणि लिव्हरला कधी हातच लावत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात महाग पडतो. लिव्हर इकॉनॉमीवर टाकायचा आणि रेस मात्र सवयीने पूर्वीइतकीच द्यायची. यात डिझेल तर वाचत नाहीच, वर अवजाराचे बेअरिंग जातात.

त्यामुळे हे काम टप्प्याटप्प्याने करू. पहिले तीन टप्पे कागदावरचे आहेत, पुढचे चार ट्रॅक्टरवरचे आणि आठवा पैशाच्या हिशेबाचा. ट्रॅक्टर आधीच घेतलेला असेल तर आठवा सोडून द्या, बाकीचे करा.

टप्पा १: आपल्या ट्रॅक्टरचे तीन आकडे काढा

वही घ्या आणि ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतून तीन आकडे उतरवा:

१. साध्या पीटीओवर शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे मिळायला इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) लागतं.
२. इकॉनॉमीवर तेच ५४० फेरे इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात.
३. पीटीओवर मिळणारी कमाल एचपी. बॉनेटवर लिहिलेली इंजिनची एचपी वेगळी असते, ती घेऊ नका.

पहिला आकडा बहुधा इंजिनच्या कमाल रेसच्या थोडा खाली असतो आणि दुसरा त्याच्याहून बराच खाली, म्हणजे ढोबळमानाने १४०० ते १७०० च्या आसपास. लेखभर हिशेबाला एकच जोडी वापरतो, साधा २००० वर आणि इकॉनॉमी १५०० वर. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेच घाला.

शाफ्टचा वेग दोन्हीकडे एकच आहे हे आधी डोक्यात पक्कं करा. ५४० म्हणजे ५४०, सेकंदाला ९ फेरे. अवजाराला आपण कोणत्या लिव्हरवर चाललोय हे कळतसुद्धा नाही. फरक पडतो तो इंजिन आणि शाफ्टमधल्या गिअरचा. साध्या पीटीओत इंजिनचे ३.७ फेरे झाले की शाफ्टचा एक होतो, इकॉनॉमीत २.७८ फेऱ्यांतच होतो.

> तपासा: लिव्हरवरच्या खुणा नीट वाचा. ५४०-ई (म्हणजे इकॉनॉमी), रिव्हर्स पीटीओ (शाफ्ट उलटा फिरवणारा) आणि ग्राउंड पीटीओ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राउंड पीटीओ चाकांच्या वेगाशी बांधलेला असतो, ट्रॅक्टर थांबला की शाफ्टही थांबतो. तीन-चार खाचांचा लिव्हर असेल तर कोणती खाच कशाची हे रिकाम्या ट्रॅक्टरवर, अवजार न जोडता, एकदा बघून घ्या.

टप्पा २: ताकद किती उरते ते काढा

सगळा निर्णय या टप्प्यावर उभा आहे, आणि नेमका हाच सगळे गाळतात.

एचपी म्हणजे इंजिनचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) गुणिले फेरे. फेरे कमी केले की एचपी कमी होणारच. समजा आपलं इंजिन २००० आरपीएमला १६५ न्यूटन-मीटर पीळ देतं आणि १५०० ला १८० देतं. डिझेल इंजिनात खालच्या फेऱ्यांना पीळ थोडा वाढतो, म्हणून दुसरा आकडा मोठा. आता हिशेब असा:

साधा, २००० आरपीएम: ३४.६ किलोवॅट, म्हणजे ४७ एचपी.
इकॉनॉमी, १५०० आरपीएम: २८.३ किलोवॅट, म्हणजे ३८.४ एचपी.

म्हणजे साधारण ८२ टक्के उरले. पुस्तिकेत पीळाचा आलेख नसेल तर पीटीओ एचपीच्या तीन चतुर्थांश उरतात असं धरून चाला. थोडं कमी धरलेलं बरं.

पण खरी गोम पुढे आहे. साध्या पीटीओवर मळणी यंत्रात एकदम मोठी पेंढी गेली किंवा रोटाव्हेटरखाली कडक ढेकूळ आलं तर इंजिन २००० वरून १८००, १७०० वर उतरतं आणि उतरता उतरता त्याचा पीळ वाढतो. त्या वाढलेल्या पिळावर ते अडथळा निभावून पुन्हा वर येतं. बेरजेत हातचा एक ठेवतो तसं इंजिनने हे हातचं राखलेलं असतं. इकॉनॉमीत आपण कामाला सुरुवातच १५०० वरून करतो, जिथे पीळ आधीच शिखराजवळ असतो. त्याखाली तो आणखी वाढायला जागा नाही, हातचं काही उरलेलंच नसतं. म्हणून इकॉनॉमीत इंजिन हळूहळू दबत नाही. बरं चाललेलं असतं आणि एका झटक्यात बसतं.

म्हणून माझा नियम असा: अवजाराला लागणारी एचपी इकॉनॉमीत मिळणाऱ्या एचपीच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच इकॉनॉमीचा विचार करायचा. वरच्या उदाहरणात ३८ च्या ७० टक्के म्हणजे जेमतेम २७ एचपी. म्हणजे पीटीओवर ४७ एचपी देणारा ट्रॅक्टर इकॉनॉमीत २७ एचपीपर्यंतचं काम निवांत करतो. धक्के न देणारं, एकसारखं चालणारं काम असेल (पंप, ब्लोअर) तर ८० टक्क्यांपर्यंत चालेल.

टप्पा ३: अवजारांची यादी करा, तासांसकट

नुसती अवजारांची नावं लिहून उपयोग नाही. तीन रकाने आखा: अवजार, त्याला लागणारी एचपी (अवजाराच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत मिळते) आणि वर्षाकाठचे तास. तास आठवून लिहाल तर हमखास जास्त लिहाल, सगळेच लिहितात. गेल्या हंगामाची डिझेलची नोंद, भाड्याच्या कामाची वही, जे असेल ते काढा.

माझ्या अनुभवाने यादी अशी पडते.

इकॉनॉमीला सहसा चालणारी: ट्रॅक्टरच्या मानाने लहान फवारणी पंप, पाण्याचा पंप, खत पसरणी यंत्र, लहान कडबा कुट्टी, पातळ गवत कापणं, एकदा नांगरून-फणून झालेल्या मऊ रानात अरुंद रोटाव्हेटरचा दुसरा हात, दिवे-पंख्यांसारखा भार असलेला जनरेटर.

सहसा न चालणारी: कडक रानात रोटाव्हेटरचा पहिला हात, बेलर, मोठं मळणी यंत्र, मल्चर आणि श्रेडर, ओला चारा कापून उडवणारी यंत्रं.

बघून ठरवायची: मोठा बागायती ब्लोअर आणि खड्डे घेणारं ऑगर. ब्लोअरचा भार एकसारखा असतो, पण एचपी बरीच खातो. ऑगर मऊ मातीत अगदी हलकं चालतं आणि खाली दगड लागला की तिथेच अडकतं.

जनरेटरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इकॉनॉमी पीटीओची शिफारस सगळ्यात आधी त्याच्यासाठीच होते. ती निम्मीच बरोबर आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. इकॉनॉमीवर हातचं काही नसताना तो झटका बसला की इंजिन दबतं, फ्रिक्वेन्सी पडते, मोटर अर्धवट फिरून गरम होते. जनरेटरवर मोटर सुरू करायची असेल तर साधा पीटीओ वापरा. नुसते दिवे, चार्जर, पंखे असतील तर इकॉनॉमीसारखं सुख नाही, कारण आवाजही निम्मा वाटतो.

यादी पूर्ण झाली की 'चालणारी' या गटातल्या तासांची बेरीज करा. ही बेरीज वर्षाला ४०-५० तासांच्या आत असेल तर वही मिटा. इकॉनॉमीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, पुढचे टप्पेही वाचू नका. वर्षाचे बरेचसे तास रोटाव्हेटरचेच असतील तरी उत्तर तेच.

> इशारा: "आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर रेस कमी करून चालवून पाहिलं, मस्त चाललं, म्हणजे इकॉनॉमीवरही चालेल." ही फसवी परीक्षा आहे. साध्या पीटीओत इंजिन १५०० वर आणलं की शाफ्ट ४०५ वर येतो. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनात बदलते, त्यामुळे ४०५ फेऱ्यांवरचा ब्लोअर ५४० च्या तुलनेत जेमतेम ४२ टक्के ताकद मागतो. म्हणजे तुम्ही अर्ध्याहून कमी काम घेऊन इंजिनला शाबासकी दिलीत.

आणि त्याची उलट बाजूही सांगून ठेवतो. काही कामांना मुळात ५४० लागतच नाहीत. मिश्रण ढवळणं, थोडासा चारा कापणं, टाकीतून टाकीत पाणी घेणं अशा कामात ४००-४५० फेऱ्यांवर भागत असेल तर साध्या पीटीओवरच रेस कमी करा. पदरचा पैसा न घालता तीच इकॉनॉमी मिळते. जनरेटरला मात्र हे कधीही करू नका. ४०५ फेऱ्यांवर ५० हर्ट्झचे ३७.५ होतात आणि जोडलेल्या मोटरी जळतात. फवारणीतही नको, दाब पडला की थेंब मोठे होतात आणि औषध पानावर न बसता ओघळतं.

टप्पा ४: चाचणीची तयारी

इथून पुढे ट्रॅक्टर लागतो. विकत घ्यायचा असेल तर प्रात्यक्षिक मागा आणि ते आपल्या अवजारावर, आपल्या कामात करा. विक्रेत्याने आणलेल्या हलक्या अवजारावर कुठलाही ट्रॅक्टर छान चालतो.

आरपीएम मीटर खरं बोलतं का ते आधी बघा. जुन्या ट्रॅक्टरवर ते हमखास थोडं खोटं असतं. शाफ्टला न टेकता फेरे मोजणारं हातातलं टॅकोमीटर मिळतं. इंजिन बंद असताना ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवा, अवजार जोडू नका, बाजूला अंतरावर उभं राहून मोजा. इकॉनॉमीत शाफ्ट बरोबर ५४० वर आला की ट्रॅक्टरच्या मीटरच्या काचेवर मार्करने रेघ मारा. साध्या पीटीओसाठी दुसऱ्या रंगाची दुसरी रेघ. ही दोन रेघांची युक्ती सगळ्या लेखापेक्षा जास्त उपयोगाची आहे, विशेषतः ट्रॅक्टर चालवणारे हात बदलत असतील तर.

मग एअर क्लिनर साफ, रेडिएटरची जाळी भुसा काढून मोकळी, शाफ्टचं संरक्षक कव्हर जागेवर आणि त्याची साखळी बांधलेली. रेडिएटरवर उगाच जोर देत नाहीये. इकॉनॉमीत पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही हळू फिरतात आणि इंजिन मात्र प्रत्येक फेऱ्याला जास्त भार ओढतं. साध्या पीटीओवर खपून जाणारी चोंदलेली जाळी इथे खपत नाही.

> इशारा: टॅकोमीटर लावताना सैल बाही, उपरणं, ओढणी काहीही अंगावर नको. सेकंदाला ९ फेरे म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

टप्पा ५: लिव्हर बदलण्याचा क्रम

हा क्रम उलटसुलट केला की गिअर कुरकुरतात, आणि कुरकुरलेला गिअर पुढे केव्हातरी दात टाकतो.

१. ट्रॅक्टर उभा, हँडब्रेक ओढलेला, मुख्य गिअर न्यूट्रल.
२. रेस अगदी खाली, आयडलिंगवर.
३. पीटीओ बंद करा. ड्युअल क्लच असेल तर पेडल शेवटपर्यंत दाबा. पहिल्या टप्प्यावर फक्त चाकं सुटतात, पीटीओ सुटत नाही. स्वतंत्र पीटीओ क्लच असेल तर त्याचा लिव्हर किंवा बटण.
४. शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मागे वळून डोळ्याने बघा. जड चाकाची कडबा कुट्टी किंवा ब्लोअर बराच वेळ फिरत राहतो.
५. आता वेगाचा लिव्हर ५४० वरून ५४०-ई वर. बसत नसेल तर जोर लावू नका. क्लच क्षणभर सोडून पुन्हा दाबा, दात जुळतील. काही ट्रॅक्टरांवर ही अदलाबदल इंजिन बंद करूनच करायची असते, पुस्तिका सांगेल तेच करा.
६. आयडलिंगवरच पीटीओ हळू जोडा.
७. रेस सावकाश वाढवत मीटरवरच्या इकॉनॉमीच्या रेघेपर्यंत आणा. तिथेच थांबा.

सातव्या पायरीवर माझीच फजिती झालेली आहे, म्हणून ठळक सांगतो. आदल्या संध्याकाळी फवारणी इकॉनॉमीवर केली होती आणि लिव्हर तसाच राहिला. सकाळी गवत कापणी यंत्र जोडलं आणि नेहमीच्या अंदाजाने, कानाने, रेस दिली. दोन-तीन मिनिटांत मशीनचा आवाज किंचाळल्यासारखा झाला, तेव्हा लिव्हर आठवला. इंजिन २००० वर म्हणजे शाफ्ट ७२० वर. फिरणाऱ्या भागांना बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे १.७८ पट झाला होता. एक पातं सैल होऊन बोल्टवर लटकत होतं. ते सुटलं असतं तर कुठे गेलं असतं, याचा विचार मी अजूनही टाळतो.

> तपासा: काम संपल्यावर लिव्हर नेहमी साध्या ५४० वर किंवा न्यूट्रलवर परत ठेवा. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं. ट्रॅक्टर दुसऱ्याला द्यायचा असेल तर किल्लीबरोबर हेही सांगा.

टप्पा ६: भार देऊन बघा

अवजार जोडा, रिकामं फिरवा, रेस रेघेवर आणा. मग हळूहळू भार द्या: पंपाचा दाब वाढवा, कुट्टीत वैरण सोडा, रोटाव्हेटर हळू टेकवा. थ्रॉटलला हात न लावता पाच गोष्टी बघायच्या.

आरपीएम किती उतरतो. भार आला की थोडा उतरणारच, गव्हर्नरची (इंजिनचे फेरे सांभाळणाऱ्या यंत्रणेची) रीतच ती. शंभराच्या आत उतरून स्थिर राहिला तर उत्तम. १५०० वरून १३५० च्या खाली जात असेल तर हे काम इकॉनॉमीचं नाही.

धूर. भार येताना एक झुळूक करडा धूर ठीक. सतत काळा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये जातंय तेवढं डिझेल जळत नाही. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच धुरातून जातंय.

आवाज. हा लिहून सांगता येणार नाही, पण दबलेल्या इंजिनचा घरघरता, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणारा आवाज एकदा ऐकलात की विसरत नाही.

तापमान. किमान अर्धा तास भाराखाली चालवा. पहिल्या दहा मिनिटांत सगळंच छान असतं. काटा नेहमीच्या जागेहून वर सरकत राहिला तर थांबा.

शेवटची गोष्ट लिफ्ट आणि हायड्रॉलिक. हायड्रॉलिक पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणून १५०० वर तेलाचा प्रवाह चौथाईने कमी. लिफ्ट जरा सावकाश उठेल, ते चालतं. पण अवजारावर हायड्रॉलिक मोटर असेल तर ती हळू फिरेल आणि कामात फरक पडेल.

इंजिन दबतंय असं दिसलं तर रेस वाढवून भागवण्याचा मोह होतो. ते करू नका. रेस वाढवली की शाफ्ट ५४० च्या वर जातो, अवजार आणखी ताकद मागतं, आणि तुम्ही होतात तिथेच राहता. थांबा, क्रमाने लिव्हर साध्यावर घ्या आणि त्यावर काम करा.

टप्पा ७: डिझेल मोजा, पण नीट

चालत्या कामात (रोटाव्हेटर, गवत कापणी, फवारणी) इथे एक मोठी चूक होते. १५०० आरपीएमवर आणलं की त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टरचा चालण्याचा वेगही चौथाईने कमी होतो. तासाला डिझेल कमी लागलं म्हणून माणूस खूश, पण तेवढंच रान व्हायला तिसरा हिस्सा जास्त वेळ लागलेला असतो. हिशेब मांडला तर कधीकधी एकरी डिझेल उलट वाढलेलं निघतं. म्हणून इकॉनॉमीवर टाकलं की गिअरही वरचा घ्यायचा, असा की चालण्याचा वेग पूर्वीइतकाच राहील. २००० आणि १५०० च्या जोडीला साधारण १.३३ पट वेगाचा गिअर लागतो. तसा गिअर नसेल, किंवा वरच्या गिअरमध्ये इंजिन दबत असेल, तर त्या कामात इकॉनॉमीचा फायदा विसरा.

फवारणीत तर गिअर न बदलणं म्हणजे एकरी औषधाचं प्रमाणही बिघडवणं. पंप पूर्वीइतकंच पाणी फेकतोय आणि ट्रॅक्टर हळू चाललाय, म्हणजे तिसरा हिस्सा औषध जास्त.

मोजणी अशी करा:

१. सपाट जागा ठरवा, टायरच्या जागी खुणा करा. दर वेळी ट्रॅक्टर तिथेच, त्याच तोंडाने उभा.
२. इंजिन गरम करून घ्या, मग टाकी गळ्यापर्यंत भरा. फेस बसू द्या, पुन्हा भरा.
३. साध्या पीटीओवर किमान दोन तास काम. वेळ घड्याळावर मोजा.
४. त्याच खुणांवर येऊन मापाच्या भांड्याने गळ्यापर्यंत भरा. किती लिटर गेलं ते लिहा.
५. तेच काम, तेवढाच वेळ, इकॉनॉमीवर.
६. पुन्हा साधा, पुन्हा इकॉनॉमी. एकेकदा मोजून निष्कर्ष काढू नका, जमिनीतला ओलावा बदलला तरी आकडा हलतो.

वेळ घड्याळावरच मोजायला सांगतोय त्याला कारण आहे. काही ट्रॅक्टरांचं तासांचं मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. इकॉनॉमीत ते मीटर हळू पुढे सरकतं आणि तासाचा हिशेब चुकतो.

उभ्या कामाचं (पंप, जनरेटर, कुट्टी) लिटर प्रति तास काढा, चालत्या कामाचं लिटर प्रति एकर. दोन्ही एकत्र करू नका.

निकाल बघताना एक गोष्ट लक्षात येईल. काम जितकं हलकं तितकी बचत टक्क्यांत मोठी दिसते. इंजिन स्वतःला फिरवायलाच डिझेल खातं: पिस्टनचं घर्षण, बेअरिंग, तेलाचा पंप, पंखा. हा खर्च काम हलकं असो की जड, होतोच, आणि फेऱ्यांबरोबर वाढतो. इकॉनॉमी मुख्यतः हा खर्च कमी करते. हलक्या कामात एकूण डिझेलमधला त्याचा वाटा मोठा, जड कामात नगण्य. म्हणून जड कामात इकॉनॉमी जेमतेम तगली तरी हाती फार काही लागत नाही. त्यासाठी इंजिनला कशाला घाम फोडायचा?

टप्पा ८: पैसे वसूल कधी

रुपयांत हिशेब केला की डिझेलचा दर बदलला की तो शिळा होतो. लिटरमध्ये करा. इकॉनॉमी पर्यायासाठी किती जादा द्यावे लागतात ते विचारा, त्याला आजच्या डिझेलच्या दराने भागा. आलं ते म्हणजे किती लिटर वाचले की वसूल.

समजा ते ३०० लिटर आले. चाचणीत उभ्या कामात तासाला ०.८ लिटर वाचले. टप्पा ३ च्या यादीत चालणाऱ्या कामाचे तास वर्षाला १५०. म्हणजे वर्षाला १२० लिटर, अडीच वर्षांत वसूल. घ्या. तेच तास ४० असतील तर वर्षाला ३२ लिटर, वसूल व्हायला नऊ वर्षांहून जास्त. सोडा, ते पैसे चांगल्या टायरात घाला.

बऱ्याचदा इकॉनॉमी एकटी येत नाही, वरच्या मॉडेलमध्ये ड्युअल क्लच, रिव्हर्स पीटीओ असल्या चार गोष्टींबरोबर येते. मग जादा किमतीतली इकॉनॉमीची वाटणी कशी करायची? मी ती करत नाही. बाकीच्या गोष्टी मला हव्याच आहेत का ते बघतो. हव्या असतील तर इकॉनॉमी फुकट धरतो, नको असतील तर सगळी जादा किंमत तिच्या नावावर टाकतो.

१००० च्या पीटीओला इकॉनॉमी बनवायचं का?

ज्यांच्याकडे ५४० आणि १००० असे दोन वेग आहेत ते हमखास हे विचारतात. गणित जमतं: १००० फेरे २००० आरपीएमला मिळत असतील तर १०८० आरपीएमवर ५४० मिळतात. पण तिथे इंजिन आणि शाफ्टचं प्रमाण २ वर येतं, म्हणजे पीळ जवळपास निम्मा पोचतो, आणि इतक्या खालच्या फेऱ्यांवर थंड ठेवायला पंख्याची हवाही पुरत नाही. अगदी किरकोळ भारापलीकडे ते चालत नाही. वर कुणी अनवधानाने रेस पूर्ण दिली तर ५४० चं अवजार १००० फेऱ्यांवर जाईल. बऱ्याच ट्रॅक्टरांवर ५४० ला ६ खाचांचा आणि १००० ला २१ खाचांचा शाफ्ट असतो, तो हा घोटाळा होऊ नये म्हणूनच. अडॅप्टर लावून तो अडसर काढू नका.

वापर सुरू झाल्यावर

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिअर बोल्ट (भार जास्त झाला की अवजार वाचवायला आधी तुटणारे बोल्ट) बघा. इकॉनॉमीवर आल्यापासून ते जास्त तुटत असतील तर बोल्ट जाड घालू नका. आधी शाफ्ट ५४० वरच फिरतोय का ते टॅकोमीटरने पुन्हा मोजा, बहुतेक वेळा रेस रेघेच्या वर गेलेली निघते. रेडिएटरची जाळी कुट्टीच्या किंवा मळणीच्या दिवशी दुपारी एकदा जास्तीची झटका. आणि हंगाम बदलला, अवजार नवीन आलं किंवा पाती बदलली, की टप्पा ६ पुन्हा. गेल्या वर्षी मऊ रानात तगलेला रोटाव्हेटर यंदा कोरड्या रानात तगेलच असं नाही.